अंगणापासून सुरुवात : ऑस्ट्रेलियात नव्याने राहायला आलेल्यांनी तिथले पशुपक्षी कसे ओळखावेत

ऑस्ट्रेलियात आल्यावर हातात पडणारी पहिली सुटी नाणी खर्च करण्याआधी एकदा नीट पाहावीत. पाच सेंटच्या नाण्यावर काटेरी एकिडना आहे, दहा सेंटवर पिसारा उभारलेला लायरबर्ड, वीस सेंटवर पोहणारा, बदकासारख्या चोचीचा प्लॅटिपस, नेहमीच्या पन्नास सेंटवर राजचिन्हाला दोन बाजूंनी धरून उभे असलेले कांगारू आणि एमू, आणि एक डॉलरवर पाच कांगारू. १९६६ साली नवे दशमान चलन आले तेव्हा स्टुअर्ट डेव्हलिन या शिल्पकाराने सेंटांच्या नाण्यांवर हे प्राणी कोरले. या देशातल्या सस्तन प्राण्यांच्या ८० टक्क्यांहून अधिक जाती जगात इतरत्र कुठेही निसर्गतः आढळत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे नाण्यांवरच्या या निवडीचा अर्थ कळतो.

नव्या देशात घर मिळते, नोकरी लागते, मुलांची शाळा सुरू होते, तरीही पहाटे जाग आल्यावर बाहेरून येणारा एकही आवाज ओळखीचा नसतो, आणि माझ्या अनुभवाने परकेपणाची जाणीव सर्वांत जास्त तिथेच होते. बहुतेक जण वन्यजीव पाहायचे म्हणून पहिल्याच सुट्टीत एखादे प्राणिसंग्रहालय गाठतात, कोआलाबरोबर छायाचित्र काढतात आणि हा विषय संपल्यासारखे वागतात. माझे स्पष्ट मत असे आहे की सुरुवात उलट टोकाकडून, म्हणजे आपल्या खिडकीपासून, अंगणापासून आणि रोजच्या चालण्याच्या रस्त्यापासून करावी. पुढे दिलेला क्रम साधारण पहिल्या वर्षाचा आहे. मी व्हिक्टोरिया राज्यातल्या मेलबर्नच्या पूर्वेकडील उपनगरात राहत असल्यामुळे उदाहरणे अधिक तिकडची आहेत. नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे असल्याने आपापल्या राज्याच्या पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर ते एकदा तपासून घ्यावेत.

पहिला महिना : आधी ऐकणे

पहिले चार आठवडे दुर्बीण, कॅमेरा, पुस्तक काहीही विकत घेऊ नये. रोज एकाच वेळी, एकाच खिडकीत किंवा ओट्यावर पंधरा मिनिटे बसावे आणि किती वेगवेगळे आवाज येतात एवढेच मोजावे. पहाटेची वेळ उत्तम, ती न जमल्यास सूर्यास्ताच्या आधीची. प्रत्येक आवाजाला स्वतःपुरते एक नाव द्यावे. खोकल्यासारखा घोगरा, दार करकरल्यासारखा, बाटलीतून पाणी ओतल्यासारखा, असे काहीही चालेल. खरे नाव नंतर कळले की ते या खुणेवर आपोआप चिकटते आणि विसरत नाही.

उपनगरात राहणाऱ्याला पहिल्या महिन्यात साधारण हे आवाज भेटतात. गळ्यात पाणी घोळवत बासरी वाजवावी तसा गातो तो मॅगपाय हा काळा-पांढरा पक्षी. खोकल्यासारखा कर्कश आवाज करतो तो बहुधा रेड वॉटलबर्ड, म्हणजे फुलांतला मध खाणारा एक धीट पक्षी. संध्याकाळी रस्त्याकडेच्या एखाद्या झाडावर शेकडोंच्या संख्येने येऊन कलकलाट करतात ते रेनबो लॉरिकीट हे रंगीबेरंगी पोपट. आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला दोन-चार जण एकदम खदखदून हसावेत तसा आवाज आला तर तो कुकाबरा. हे हसणे म्हणजे त्या कुटुंबाने शेजारच्या कुटुंबाला दिलेली ‘ही हद्द आमची आहे’ अशी सूचना असते. महिन्याअखेरीस दहा नावे झाली तर पुष्कळ झाले.

दुसरी पायरी : ओळखीची कुळे शोधणे

मराठी माणसाला इथे एक मोठी सोय आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. इथल्या अनेक पक्ष्यांची कुळे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेलीच आहेत. केवळ नाव आणि वेष बदलला आहे. म्हणून अनोळखी पक्षी दिसला की लगेच इंग्रजी नाव शोधण्याऐवजी, हा चालतो कसा, बसतो कसा, चोच कशाला वापरतो आणि आपल्या ओळखीच्या कोणत्या पक्ष्यासारखा वागतो, हा प्रश्न आधी विचारावा.

कुकाबरा हा खंड्याच आहे, आणि खंड्यांच्या साऱ्या कुळात आकाराने तो सर्वांत मोठा आहे. फरक एवढाच की तो सहसा मासे पकडत नाही. तारेवर स्थिर बसून खालच्या गवतावर नजर ठेवतो आणि सरडे, किडे, प्रसंगी लहान साप उचलतो. मैदानावर दोन-दोनच्या जोडीने फिरणारा, पिवळ्या मांसल पडद्यांचा मुखवटा घातल्यासारखा दिसणारा मास्क्ड लॅपविंग ही टिटवी आहे, आणि आपल्या टिटवीप्रमाणेच ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, जवळ गेलेल्यावर ओरडत चाल करून जाते. तळ्यातला काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला कूट हा तर आपला वारकरीच आहे, जातसुद्धा तीच. कचऱ्याच्या डब्यांभोवती फिरणारा पांढरा आयबिस हा शराटी आहे. विली वॅगटेल या नावातल्या वॅगटेलमुळे तो धोबी वाटतो, पण ते नाव फसवे आहे. शेपटी पंख्यासारखी हलवत नाचणारा तो आपल्या नाचण पक्ष्याचा सख्खा नातेवाईक आहे, आणि वसंतातल्या चांदण्या रात्रीही तो गात राहतो. उलटपक्षी टॉनी फ्रॉगमाउथ या पक्ष्याला सगळे घुबड म्हणतात, पण तो घुबड नाही. त्याचे नाते रातव्यांच्या बाजूला आहे आणि दिवसा तो तुटलेल्या फांदीसारखा ताठ बसून राहतो, इतका की हात लांब केल्यास पोचेल अशा अंतरावरूनही माणसे त्याला न पाहता निघून जातात.

सिडनी किंवा ब्रिस्बेनमध्ये राहणाऱ्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एक आवाज रात्री-अपरात्री ऐकू येईल आणि क्षणभर आपण कुठे आहोत याचा विसर पडेल. ती कोकीळच आहे. आपल्याकडच्या कोकिळेच्याच प्रजातीतली ही ईस्टर्न कोएल उत्तरेकडून, न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरून, वसंतात येते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जाते. नर काळाभोर, डोळे लाल, मादी ठिपक्यांची. घरटे बांधण्याचा उद्योग ती इथेही करत नाही. कावळ्याऐवजी वॉटलबर्ड आणि मॅगपाय-लार्क यांच्या घरट्यांत ती अंडी घालते. शेजारी या आवाजाने झोपमोड होते म्हणून वैतागलेले दिसतील. आपण मात्र तो पहिल्यांदा कोणत्या तारखेला ऐकला ते लिहून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

आता एक नाजूक गोष्ट. साळुंकी इथे जागोजागी दिसते आणि ती पाहून बरे वाटते, पण ती इथली नाही. १८६२ साली मेलबर्नमध्ये आणि नंतर क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांत किडे खाण्यासाठी म्हणून ती आणून सोडली गेली. झाडांच्या ढोलीत घरटी करणाऱ्या स्थानिक पोपटांच्या जागा ती बळकावते, म्हणून इथले पक्षिमित्र तिच्याबद्दल कठोर बोलतात. त्या बोलण्याचे वाईट वाटून घेऊ नये, पण तिला ओळखण्यात चूकही करू नये, कारण नॉइझी मायनर नावाचा एक स्थानिक पक्षी तिच्यासारखाच दिसतो आणि साळुंकीला इंग्रजीत कॉमन मायना म्हणत असल्याने नावातही साधर्म्य आहे. दोघांची चोच पिवळी, दोघांच्या डोळ्यामागे पिवळा डाग. साळुंकीचे अंग तपकिरी आणि डोके काळे असते, उडताना पंखांत पांढरे चट्टे दिसतात. नॉइझी मायनरचे अंग राखाडी असते. तो मधपक्ष्यांच्या कुळातला आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. मात्र स्थानिक असला म्हणजे निरुपद्रवी असतो असे नाही. हा पक्षी टोळीने राहून लहान पक्ष्यांना हाकलून लावतो, आणि त्याच्या या वागण्याची नोंद २०१४ साली राष्ट्रीय कायद्याखाली जैवविविधतेला असलेला धोका म्हणून झाली आहे.

नावांबद्दल आणखी एक. कुकाबरा हा शब्द विराजुरी भाषेतून आला आहे, गाला हे गुलाबी काकाकुव्याचे नाव युवालराय भाषेतून, कोआला आणि वॉम्बॅट ही नावे सिडनी परिसरातल्या धारुग भाषेतून, तर कांगारू हा शब्द १७७० साली एन्डेव्हर नदीच्या काठी गूगू यिमिथिर भाषिकांकडून लिहून घेतला गेला. आपण राहतो ती भूमी कोणत्या आदिवासी समाजाची आहे हे नगरपालिकेच्या फलकावर लिहिलेले असते. तिथल्या भाषेत त्या प्राण्याचे नाव काय हे विचारण्याची सवय लावून घ्यावी, कारण त्या नावात बहुधा त्याचा आवाजच दडलेला असतो.

तिसरी पायरी : वही आणि फोन

एक साधी वही पुरेशी आहे. तारीख, वेळ, जागा, हवामान, काय दिसले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो प्राणी काय करत होता. ‘मॅगपाय दिसला’ ही नोंद कोरडी आहे. त्याऐवजी, पावसानंतरच्या ओल्या हिरवळीवर तो चार पावले चालला, थांबला, मान एका बाजूला कलती करून क्षणभर निश्चल राहिला आणि मग चोच थेट मातीत खुपसून पांढरी अळी बाहेर ओढली, असे लिहिले की पुढच्या वेळी आपण तो मान का कलती करतो याकडे पाहू लागतो. तो ऐकत असतो. जमिनीखाली हलणाऱ्या अळीचा आवाज मॅगपायला ऐकू येतो.

फोनमध्ये दोन-तीन अ‍ॅप पुरतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे मर्लिन हे अ‍ॅप मोफत आहे. त्यात ऑस्ट्रेलियाचा पक्षीसंच उतरवून घ्यावा, म्हणजे आकार, रंग आणि जागा सांगितल्यावर ते संभाव्य नावे सुचवते. पक्ष्यांव्यतिरिक्त कीटक, सरडे, वनस्पती यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट वापरावे. छायाचित्र चढवले की जाणकार मंडळी नाव तपासून देतात, आणि ऑस्ट्रेलियातल्या नोंदी ‘अ‍ॅटलस ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया’ या राष्ट्रीय संग्रहातही जातात. घराच्या अंगणातल्या नोंदी टाकताना ठिकाण अस्पष्ट दाखवण्याची सोय सुरू करण्यास विसरू नये. बेडकांसाठी ऑस्ट्रेलियन म्युझियमने २०१७ साली फ्रॉगआयडी हे अ‍ॅप सुरू केले. पावसानंतर रात्री तळ्याकाठी उभे राहून मिनिटभराचे ध्वनिमुद्रण पाठवले की तज्ज्ञ ऐकून बेडकाची जात कळवतात. तंतुवाद्याची एकच तार छेडल्यासारखा ‘बाँक’ असा आवाज करणारा पॉबलबाँक हा नवशिक्याला सर्वांत लवकर ओळखू येणारा बेडूक आहे.

सार्वजनिक ग्रंथालयाचे सदस्यत्व मोफत असते. आपल्या राज्याचे चित्रमय पक्षिपुस्तक तिथून महिनाभर वापरून पाहावे आणि मगच विकत घ्यायचे की नाही ते ठरवावे.

चौथी पायरी : भीतीचा नीट हिशेब मांडणे

येण्याआधी आणि आल्यावर साप-कोळ्यांच्या गोष्टी इतक्या ऐकवल्या जातात की काही कुटुंबे मुलांना गवतावर पाऊल टाकू देत नाहीत. धोका खोटा नाही, पण तो कुठे आहे आणि कुठे नाही हे नेमके माहीत असले की भीतीची जागा काळजी घेते.

सापांपासून सुरुवात करू. ईस्टर्न ब्राउन आणि टायगर हे अतिविषारी साप शहरांच्या कडेच्या ओढ्यांकाठीही असतात, तरीही देशभरात सर्पदंशाने होणारे मृत्यू वर्षाला सरासरी दोन-तीन इतकेच आहेत. सारे स्थानिक साप संरक्षित आहेत आणि दंशाच्या अनेक घटना सापाला मारायला किंवा पकडायला गेल्यामुळे घडतात. अंगणात साप दिसला तर मुले आणि पाळीव प्राणी आत घ्यावेत, दुरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि परवानाधारक सर्पमित्राला बोलवावे.

दंश झालाच तर पुढील कृती पाठ असावी. प्रथम ००० या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणसाला जागच्या जागी स्थिर ठेवावे, चालवू नये. दंशाची जागा धुऊ नये, कारण त्वचेवरच्या विषाच्या अंशावरून रुग्णालयात विषाचा प्रकार तपासता येतो. कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांपैकी काहीही करू नये. दहा ते पंधरा सेंटीमीटर रुंदीची लवचीक पट्टी आधी दंशाच्या जागी घट्ट बांधावी, मग बोटांपासून सुरू करून वरपर्यंत संपूर्ण हात किंवा पाय गुंडाळावा, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितपत घट्ट, आणि काठीचा आधार लावून तो अवयव हलणार नाही असे करावे. दंश कुठे झाला ती जागा पट्टीवर पेनाने खूण करून ठेवावी. ही पद्धत डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७९ साली मांडली आणि आज देशभरात हीच शिकवली जाते. अशा दोन पट्ट्या घरात, दोन गाडीत आणि दोन पाठीवरच्या पिशवीत असाव्यात.

कोळ्यांच्या बाबतीत जातीनुसार वागावे लागते. भिंतीवर तळहाताएवढा दिसणारा हंट्समन भयंकर वाटतो, पण तो धोकादायक नाही. रुंद तोंडाची बरणी त्याच्यावर ठेवावी, खालून जाड कागद सरकवावा आणि बाहेर सोडावा. पाठीवर लाल पट्टा असलेली रेडबॅक मादी जेमतेम सेंटीमीटरभराची असते आणि बागेतल्या खुर्च्यांखाली, पत्रपेटीत, वापरात नसलेल्या बुटांत बसते. तिच्या दंशावर बर्फाची पिशवी ठेवावी, घट्ट पट्टी बांधू नये, कारण त्याने वेदना वाढते. सिडनी आणि आसपासच्या भागातला फनेल-वेब हा खरोखर घातक कोळी आहे. त्याच्या दंशावर सापासारखीच पट्टी बांधून तातडीने रुग्णालय गाठावे. १९८१ साली त्याचे प्रतिविष वापरात आल्यापासून त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. व्हाइट-टेल कोळ्याच्या दंशाने मांस सडते ही समजूत मात्र सोडून द्यावी. १३० खात्रीशीर दंशांच्या अभ्यासात असा एकही प्रकार आढळला नव्हता. शंका आली तर विष माहिती केंद्राचा १३ ११ २६ हा क्रमांक देशात कुठूनही, दिवस-रात्र लागतो.

वटवाघळांचा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत कडक आहे : हात लावायचा नाही. संध्याकाळी आकाशातून संथ पंख मारत जाणारी, पंखांचा विस्तार मीटरभर असलेली राखाडी डोक्याची मोठी वटवाघळे पाहणे हा इथला एक सुंदर अनुभव आहे, आणि मेलबर्नच्या यारा बेंड उद्यानात त्यांची मोठी वसाहत आहे. मात्र १९९६ साली त्यांच्यात रेबीजच्या जवळचा लिसाव्हायरस आढळला. चावा किंवा साधा ओरखडा जरी आला तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

उत्तरेकडे, म्हणजे क्वीन्सलंडचा वरचा किनारा, नॉर्दर्न टेरिटरी आणि किम्बर्ली भागात, मगरीचा फलक असेल तिथे पाण्यात उतरू नये आणि काठावर बसूही नये. समुद्रात पोहायचे असेल तर देशात कुठेही जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांमध्येच पोहावे.

पाचवी पायरी : घर आणि अंगण

छपरात रात्री कोणीतरी जड पावलांनी चालते आहे आणि घोगरे गुरगुरते आहे असे वाटले तर तो ब्रशटेल पॉसम, म्हणजे झाडांवर राहणारा, पिशवीत पिल्ले वाढवणारा निशाचर प्राणी असतो. त्याला स्वतः पकडून लांबच्या जंगलात सोडून येणे बेकायदेशीर आहे, आणि अनोळखी हद्दीत सोडलेला पॉसम बहुधा जगतही नाही. व्हिक्टोरियात पकडलेला ब्रशटेल त्याच जागेपासून ५० मीटरच्या आत सोडावा लागतो. भाड्याचे घर असल्यास एजंटला लेखी कळवावे. कायमचा उपाय एकच : पॉसम रात्री बाहेर पडल्याची खात्री झाल्यावर भोक बुजवणे आणि जवळच्या झाडावर त्याला लाकडी पेटी लावून देणे. रिंगटेल हा त्याचा लहान भाऊ छपरात क्वचित शिरतो. तो झुडपात पाने-साली विणून गोल घरटे करतो. आमच्या गल्लीत हिवाळ्याच्या एका रात्री रिंगटेलची मादी विजेच्या तारेवरून जाताना पाहिली. पाठीवर दोन पिल्ले, आणि गुंडाळी होणारी पांढऱ्या टोकाची शेपटी तारेभोवती वेटोळे घालून सुटत होती, पुन्हा वेटोळे घालत होती. खांबापाशी पोचल्यावर ती थांबली, पिल्ले नीट बसली आहेत असे वाटल्यावर मगच झाडावर उतरली.

पक्ष्यांना खायला घालण्याचा मोह इथे आवरावा. पावाने लॉरिकीट आणि बदके आजारी पडतात, नुसत्या खिम्याने मॅगपायच्या पिल्लांची हाडे कमकुवत होतात, आणि एका थाळीवर जमणाऱ्या पोपटांत चोच-पिसांचा रोग पसरतो. पाणी मात्र जरूर ठेवावे. उथळ परात, पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी नको, मधोमध एक दगड, जवळ झुडूप, आणि पाणी रोज बदलणे. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा या एका परातीवर दिवसभरात जे दिसते ते महिनाभर रानात हिंडूनही दिसणार नाही.

झाडे लावण्याची मुभा असेल तर नगरपालिकेच्या किंवा स्वयंसेवकांच्या स्थानिक रोपवाटिकेतून त्या भागातलीच रोपे घ्यावीत. दुकानात मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या संकरित ग्रेव्हिलियाने अंगण भरले तर नॉइझी मायनरचे राज्य होते. दाट, काटेरी, लहान फुलांच्या झुडपांत मात्र फेअरीरेनसारखे छोटे पक्षी टिकतात. बागेत गोगलगायींचे विष टाकू नये, कारण गोगलगायी खाणारा ब्लू-टंग हा प्रचंड मोठा, निळ्या जिभेचा सापसुरळीचा प्रकार त्यात मरतो. त्याला साप समजून घाबरण्याआधी चार आखूड पाय आहेत का ते पाहावे. उंदरांच्या विषाचेही तेच. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या आणि फ्रॉगमाउथच्या पोटात जातो. फळझाडांवर जाळी घालायची असल्यास व्हिक्टोरियात सप्टेंबर २०२१ पासून तिची भोके ५ मिलिमीटरपेक्षा मोठी चालत नाहीत. बोट आत गेले तर जाळी चुकीची, ही सोपी परीक्षा आहे.

सहावी पायरी : मॅगपायचा मोसम

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अंड्यांवर मादी बसलेली असताना काही मॅगपाय नर जवळून जाणाऱ्यांवर मागून झेप घेतात. सगळे नव्हेत, दहांत साधारण एक. सायकलस्वार आणि पोस्टमन यांच्यावर त्यांचा विशेष रोख असतो. घरट्यापासून सुमारे शंभर मीटरचा टप्पा ओलांडला की पाठलाग संपतो, आणि पिल्ले उडती झाल्यावर, म्हणजे सहाएक आठवड्यांत, हा प्रकार थांबतो. तेवढे दिवस दुसरा रस्ता धरावा. तो शक्य नसल्यास टोपी-गॉगल घालावा किंवा छत्री उघडावी, सायकलवरून उतरावे, पळू नये, हात हलवू नये, आणि पक्ष्याकडे पाहत शांतपणे पुढे जावे. मॅगपाय माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो आणि एकाच परिसरात वर्षानुवर्षे राहतो. त्याला दगड मारणाऱ्याला तो पुढच्या वर्षीही ओळखतो, आणि रोज सौम्यपणे वागणाऱ्या शेजाऱ्यालाही.

सातवी पायरी : जखमी प्राणी भेटल्यास

तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत शहराबाहेर गाडी चालवताना वेग कमी ठेवावा, आणि कांगारू आडवा आला तर सुकाणू न वळवता सरळ रेषेत ब्रेक लावावा. धडक झालीच तर गाडी सुरक्षित जागी उभी करून, वाहतूक पाहून, मेलेल्या मादीची पिशवी तपासावी. आत पिल्लू स्तनाला धरलेले असेल तर ते ओढून काढू नये. व्हिक्टोरियात वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्समध्ये वायर्स अशा बचावसंस्था आहेत. आपल्या राज्याच्या संस्थेचा क्रमांक आजच फोनमध्ये साठवावा. लहान जखमी प्राण्याला टॉवेलने उचलून झाकणाच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावे आणि अन्न-पाणी काहीही देऊ नये. नेमका कुठे सापडला ते लिहून ठेवावे, कारण बरा झाल्यावर त्याला तिथेच सोडायचे असते. जमिनीवर बसलेले, पिसे फुटलेले मॅगपायचे पिल्लू मात्र बहुधा अनाथ नसते. आईबाप जवळच असतात. तासभर दुरून पाहावे.

आठवी पायरी : ऋतू नव्याने शिकणे आणि मग बाहेर पडणे

डिसेंबरात उन्हाळा आणि जुलैत हिवाळा एवढे समजल्याने काम भागत नाही. इथले युकॅलिप्टस पाने न गाळता साल गाळतात, आणि हिवाळ्याच्या ऐन थंडीत वॉटल या बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाला पिवळी फुले येतात. पर्थकडचा नूंगार समाज वर्षाचे सहा ऋतू मानतो : बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा, कंबारांग. सहा ऋतूंची कल्पना आपल्याला परकी नाही, आणि माझ्या मते इथल्या निसर्गाला चारांपेक्षा सहाच अधिक जुळतात. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आदिवासी समाजांची अशी ऋतुचक्रे दिली आहेत. आपल्या भागाचे ऋतुचक्र वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावे.

एवढी तयारी झाल्यावर लांबच्या सहली खऱ्या अर्थाने लाभतात. मेलबर्नच्या आसपासचा माझा क्रम असा असेल. आधी हील्सव्हिल अभयारण्य, जिथे १९४३ साली डेव्हिड फ्ले यांनी बंदिस्त जागेत प्लॅटिपसचे पहिले पिल्लू वाढवले. तिथे प्लॅटिपस प्रत्यक्षात किती लहान असतो ते पाहून ठेवले की रानातल्या तळ्यात, पहाटे किंवा संध्याकाळी, नेमके काय शोधायचे ते कळते. जून ते ऑगस्टमध्ये डँडेनाँग टेकड्यांवरच्या शेरब्रुक जंगलात सकाळी लायरबर्डचे गाणे ऐकायला जावे, जो इतर दहा-बारा पक्ष्यांच्या नकला एकापाठोपाठ करतो. त्या दहा-बारांपैकी निम्मे आपल्याला आधीच ओळखता आले तरच त्या गाण्याची खरी मजा येते, म्हणून हे ठिकाण पहिल्या आठवड्यात नव्हे, पहिल्या हिवाळ्यात पाहावे. फिलिप आयलंडवर अंधार पडताना समुद्रातून चालत येणारे, जेमतेम किलोभर वजनाचे पेंग्विन दिसतात. तिथे छायाचित्रणाला बंदी आहे आणि ती पाळावी. उन्हाळ्यात वेरिबीचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, ज्यासाठी आधी परवाना काढावा लागतो. तिथल्या चिखलात तीसएक ग्रॅम वजनाचा रेड-नेक्ड स्टिंट हा सायबेरियातून आलेला पाहुणा हजारोंनी चरताना दिसतो.

भेटीला येणाऱ्या नातेवाईकांना बिया, पिसे, लाकडी वस्तू आणि मातीचे बूट विमानतळावर न लपवता जाहीर करायला सांगावे. परत जाताना पिसे, प्रवाळ किंवा प्राण्यांचे अवशेष आठवण म्हणून नेण्यावर १९९९ च्या राष्ट्रीय कायद्याचे निर्बंध आहेत, हेही आधीच कानावर घालावे.

नववी पायरी : मोजणीत सामील होणे

बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया ही पक्षीसंवर्धन संस्था २०१४ पासून दर ऑक्टोबरात देशभर पक्षीगणना घेते. आपल्या अंगणात, बाल्कनीत किंवा उद्यानात वीस मिनिटे थांबून दिसलेले पक्षी अ‍ॅपवर नोंदवायचे, एवढेच. तज्ज्ञ असण्याची अट नाही. मुलांना बरोबर घ्यावे, कारण त्यांची नजर तयार व्हायला वेळ लागत नाही आणि शेजारीही या निमित्ताने कुंपणापाशी येऊन बोलतात. जवळच्या ओढ्यासाठी किंवा उद्यानासाठी काम करणारे स्वयंसेवकांचे गट जवळपास प्रत्येक नगरपालिकेच्या हद्दीत आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांच्याबरोबर झाडे लावायला गेले की जे कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणजे कोणत्या वळणावरच्या कोणत्या झाडात फ्रॉगमाउथ बसतो, ते कळते.

दुसऱ्या वर्षी ऑगस्ट उजाडला की पहिल्या वर्षाची वही काढावी. मॅगपाय काड्या गोळा करताना कोणत्या तारखेला दिसला होता, पहिली कोकीळ कधी ओरडली, पॉबलबाँक कोणत्या पावसानंतर बोलू लागला, त्या नोंदी समोर ठेवाव्यात आणि यंदाच्या तारखा त्यांच्या शेजारच्या रकान्यात भरायला सुरुवात करावी.